फोटो समोर ठेवून विचारा

समाजशास्त्राचा किंवा समाजकार्याचा कुठलाही प्रबंध उघडा आणि थेट शेवटच्या परिशिष्टाकडे जा. चार-सहा रंगीत पानं असतात. ओट्यावर बसलेल्या बायका, समोर प्रश्नावली घेतलेली विद्यार्थिनी, खाली ओळ: ‘मुलाखत घेताना संशोधक’. मग ग्रामपंचायतीची इमारत, मग सरपंचांसोबत एक. संशोधक गावात जाऊन आला एवढं त्यावरून कळतं. बाकी ही पानं फाडून टाकली तरी प्रबंधातलं एकही विधान हलत नाही. तुमच्या अभ्यासात चित्राला काही काम आहे का, हे तपासायची कसोटी हीच धरा. फोटो वगळला तर निष्कर्षाला धक्का बसतो का? बसत नसेल तर तो सजावटीत जमा, आणि सजावटीसाठी फील्डवर्कचा वेळ घालवू नये.

महागडा कॅमेरा लागत नाही, खिशातला मोबाईल पुरतो. मात्र चित्राकडून नेमकं काय करून घ्यायचं हे गावाला निघण्याआधी ठरलेलं असावं लागतं. माणसांना बोलतं करायचंय, की काही मोजायचंय? की लोकांच्याच हातात कॅमेरा देऊन ते काय टिपतात ते बघायचंय? की आधीच कुणीतरी काढून ठेवलेली चित्रं वाचायची आहेत? प्रत्येक कामाची तयारी वेगळी. पहिल्यांदाच या वाटेला जाणाऱ्यानं बोलतं करण्यापासून सुरुवात करावी असं माझं मत आहे, म्हणून त्यावर जरा जास्त लिहिते.

फोटो दाखवून बोलतं करण्याच्या या पद्धतीला ‘फोटो एलिसिटेशन’ म्हणतात आणि ती जॉन कॉलियर (धाकटे) या अमेरिकन माणसाच्या नावावर जमा आहे. कॉलियर मूळचे छायाचित्रकार. १९४०च्या दशकाच्या सुरुवातीला रॉय स्ट्रायकर यांच्या हाताखाली, अमेरिकी सरकारच्या ग्रामीण छायाचित्रण प्रकल्पात त्यांनी काम केलं. पुढे कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर मानसिक आरोग्याचा एक मोठा अभ्यास चालू होता, तिथं त्यांनी काही मुलाखती नुसत्या प्रश्नांनी आणि काही फोटो समोर ठेवून घेऊन पाहिल्या. त्यावरचा त्यांचा लेख १९५७मध्ये ‘अमेरिकन अँथ्रोपॉलॉजिस्ट’मध्ये आला. नुसत्या प्रश्नांच्या मुलाखती भरकटत होत्या, तेच तेच परत येत होतं. फोटोवरच्या मुलाखती नेमक्या झाल्या, आठवणी तपशिलानं निघाल्या आणि पुन्हा पुन्हा बसवलं तरी माणसं कंटाळली नाहीत. कारण कळायला अवघड नाही. नुसत्या प्रश्नोत्तरात समोरच्याची उलटतपासणी चालू असते. मध्ये फोटो आला की दोघंही तिसऱ्याच वस्तूकडे बघतात, आणि ती वस्तू समजावून सांगण्याचा मान समोरच्याकडे जातो.

कॉलियर यांचाच आणखी एक अनुभव प्रत्येक विद्यार्थ्यानं लक्षात ठेवावा असा आहे. इक्वेडोरमधल्या ओटावालो भागात ते एका विणकराच्या कामाचे फोटो टप्प्याटप्प्यानं काढत होते. फोटो धुऊन आल्यावर विणकराला दाखवले, तर तो नाराज. हे बघून जग म्हणेल की हा विणकर कच्चा आहे, असं त्याचं म्हणणं. मग त्यानं कॉलियर यांना पुन्हा बोलावलं आणि कॅमेरा कधी चालवायचा ते स्वतः सांगितलं. यातून काय उचलायचं? पहिल्या फेरीचे फोटो तुमचे, दुसऱ्या फेरीचे त्यांचे. आणि या दोन्हींमध्ये जो फरक पडतो ती तुमची सामग्री. येवल्यात पैठणीवर काम करायला गेलात तर तुमचा मोबाईल आपोआप पदरावरच्या मोराकडे वळेल. विणकर कदाचित नवा ताणा जुन्याला जोडतानाचे हात दाखवायला सांगेल. कसब कशात आहे यावर तुमचं आणि त्याचं एकमत नाही, हे प्रश्नावलीत कुठं सापडणार?

आता प्रत्यक्ष कसं करायचं ते. बारा ते पंधरा फोटो निवडा, त्याहून जास्त नकोत. त्यांच्या पोस्टकार्डाएवढ्या छापील प्रती काढा. मोबाईलवर दाखवायचा मोह होतो, पण मोबाईल एकाच्याच हातात राहतो, उन्हात काच चमकते, आणि बोट लागून पुढचा फोटो येतो तो नेमका तुमच्या घरच्या लग्नाचा असतो. छापील फोटो सतरंजीवर पसरता येतात, सासू-सुनेत हातोहात फिरतात, बाजूला सारता येतात. प्रत्येकाच्या मागे क्रमांक घाला. मुलाखत रेकॉर्ड करत असाल तर फोटो हातात घेतल्यावर दर वेळी क्रमांक मोठ्यानं म्हणा: ‘आता आपण सात नंबर बघतोय.’ हे ऐकायला वेडगळ वाटतं. पण लिप्यंतर करायला बसाल तेव्हा ‘हे बघा, इथं पूर्वी ती होती, आणि हा त्या बाजूनं’ असली वाक्यं पानभर निघतात आणि ती कशाबद्दल आहेत ते ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही.

पहिला प्रश्न ‘यात काय दिसतंय?’ असा नको. माणसांना शाळा आठवते आणि ती बरोबर उत्तर शोधायला लागतात. ‘यातलं ओळखीचं काय आहे?’ इथून सुरुवात करा. मग जरा तिरकं विचारा. या फोटोत कोण यायला हवं होतं आणि आलं नाही? हाच फोटो पहाटे काढला असता तर काय दिसलं असतं? सगळ्यात उपयोगी पडते ती निवड: ‘मुंबईच्या भावाला यातले तीनच पाठवायचे झाले तर कुठले पाठवाल?’ कुठले निवडले हे तर लिहाच, पण बाजूला टाकलेल्यांची कारणं विचारायला विसरू नका. ‘हा नको, यात आमचं पडकं न्हाणीघर दिसतंय’ या एका वाक्यात प्रतिष्ठेबद्दल जेवढं येतं तेवढं पाच गुणांच्या मोजपट्टीत मावत नाही.

फोटो कशाचे काढावेत, असा प्रश्न नेहमी येतो. एक उदाहरण जवळून पाहू: घराच्या पुढच्या खोलीची भिंत. पतसंस्थेचं नाहीतर दूध संस्थेचं कॅलेंडर, हार घातलेले वडील, बुद्ध आणि बाबासाहेब किंवा विठ्ठल-रखुमाई, काळ्या झग्यात पदवी घेणारा मुलगा, कुठल्याशा पुढाऱ्यानं छापलेलं मोठ्या काट्यांचं घड्याळ. घरोघरी ही एकच भिंत, समोरून सरळ, शक्यतो सारख्या अंतरावरून घ्या. काय वर आहे, काय खाली, दारातून आत येणाऱ्याला पहिलं काय दिसतं, हे नोंदवा. घरातल्या वस्तूंची अशी पद्धतशीर दृश्य नोंद कॉलियर यांनी पेरूमधल्या विकोस इथल्या घरांमध्ये केली होती आणि तिला ते सांस्कृतिक यादी म्हणत.

यादी करून थांबलात तर हाती फक्त मोजदाद लागते. तोच फोटो छापून आठवड्यानं परत न्या. हे कुणी लावलं? याच्या आधी इथं काय होतं? मागच्या वेळी भिंतीला रंग दिला तेव्हा कुठला फोटो उतरवला आणि परत लावला नाही? मुलाचा पदवीचा फोटो आहे, मुलीचा का नाही? तिचा लग्नातला आहे, तो कुणी आणून दिला? या प्रश्नांवर घरातल्या दोघांची उत्तरं वेगळी आली तर समजा की काम जमायला लागलंय. आणि तुम्ही येणार म्हणून कुणी घाईघाईनं पलंगावरची चादर बदलली, टीव्हीवर रुमाल टाकला, तर थांबवू नका. काय झाकलं तेवढं वहीत लिहा.

चौकातले फ्लेक्स मोजायचे तर

मोजण्याचं काम वेगळ्या शिस्तीचं. इथं एकेका फोटोवर रमून चालत नाही. पुष्कळ चित्रं गोळा करायची आणि प्रत्येकाला तेच प्रश्न विचारायचे. कॅथरीन लुट्झ आणि जेन कॉलिन्स यांनी ‘नॅशनल जिओग्राफिक’ मासिकातले १९५० ते १९८६ या काळातले जवळजवळ ६०० फोटो असे तपासले. माणूस कॅमेऱ्याकडे बघतोय का, हसतोय का, कपडे कसे आहेत, हातात यंत्र आहे की हत्यार, अशा खुणा ठरवून त्यांनी प्रत्येक फोटोची नोंद केली. १९९३मध्ये आलेलं त्यांचं पुस्तक आजही या पद्धतीचा नमुना म्हणून वाचावं.

आपल्याकडे या पद्धतीसाठी फ्लेक्ससारखा विषय नाही. वाढदिवसाच्या शुभेच्छांचा एक फलक डोळ्यांसमोर आणा. सगळ्यात वर महापुरुषांची ओळ, छोट्या गोलांत. उजवीकडे किंवा डावीकडे पक्षाचे वरचे नेते. मध्ये उत्सवमूर्ती, पांढऱ्या कपड्यांत, गॉगल, हात जोडलेले किंवा फोन कानाला. खाली शुभेच्छुकांचे चेहरे, तिकिटाएवढे, नावासकट. हे सगळं मोजता येतं. महापुरुषांत कोण आहे, कोण नाही, कोण आधी? उत्सवमूर्तीचा चेहरा नेत्याच्या चेहऱ्याच्या किती पट? शुभेच्छुकांत बाई आहे का, आणि असेल तर तिच्या नावापुढे पद आहे की ‘सौ.’? भाऊ, दादा, साहेब, यातलं कुठलं संबोधन? असे आठ-दहा प्रश्न आधी पक्के करा. मग वीस फलकांवर तुम्ही आणि तुमची मैत्रीण, एकमेकींना न दाखवता, नोंदी करून बघा. जिथं दोघींच्या नोंदी जुळणार नाहीत तिथं प्रश्नच ढिला आहे असं समजा. तो घट्ट करा किंवा काढून टाका. ‘चेहऱ्यावर रुबाब आहे का’ हा प्रश्न असाच मरतो.

फलक कुठले घ्यायचे हेही मनावर सोडू नका. आवडले ते टिपले, असं केलंत तर सगळे विनोदी फलकच गोळा होतील. एक रस्ता ठरवा, तारखा ठरवा आणि त्या रस्त्यावरचा प्रत्येक फलक घ्या, कंटाळवाणासुद्धा. निवडणुकीच्या आचारसंहितेत फलक उतरतात, गणपतीत वाढतात. तारीख लिहिली नसेल तर ही भरती-ओहोटी तुमच्या आकड्यांत गडबड करून बसेल.

कॅमेरा किंवा रांगोळी त्यांच्या हातात

सहभागींनी काढलेल्या फोटोंची पद्धत ‘फोटोव्हॉइस’ या नावानं ओळखली जाते. कॅरोलिन वांग आणि मेरी ॲन बरिस यांनी चीनच्या युनान प्रांतातल्या खेड्यांमधल्या बायकांना कॅमेरे देऊन ती घडवली. पद्धतीची मांडणी करणारा त्यांचा लेख १९९७चा. फोटो आले की गटात बसून बोलायचं. चर्चेचा साचा साधा आहे: इथं काय दिसतं, खरं काय चाललंय, याचा आपल्या जगण्याशी काय संबंध, हे असं का आहे, आणि आपण काय करू शकतो. यातल्या ‘खरं काय चाललंय’वर सर्वांत जास्त वेळ द्या. टँकरसमोरच्या रांगेचा फोटो सगळ्यांना दिसतो. रांगेत कुणाचे हंडे आधी लागतात ते बायका त्या प्रश्नावर सांगतात.

कॅमेरा देण्याआधी एक सत्र फक्त धोक्यांवर घ्या. नवरा किंवा मुकादम विचारेल, ‘हे कशाला काढतेस?’ तेव्हा काय सांगायचं, कुणाचा फोटो परवानगीशिवाय घ्यायचा नाही, कुठं जायचं नाही, हे त्यांच्याशी बोलून ठरवा. आणि शेवटी फोटो बघायला ज्यांनी यायला हवं, म्हणजे ग्रामसेवक, डॉक्टर, अभियंता, त्यांची तारीख आधी घ्या. तो भाग राहिला की फोटोव्हॉइस म्हणजे छंदवर्ग होतो.

कॅमेऱ्याविनाही हे होतं. गावनकाशा संस्थांच्या कार्यकर्त्यांना नवा नाही: देवळासमोरच्या मोकळ्या जागेत रांगोळी, गुलाल, पानं, खडे घेऊन लोक आपलं गाव जमिनीवर काढतात. पण तासाभरानं म्हशी त्यावरून जातात आणि हाती राहतो तो कागदावर घाईनं उतरवलेला, नीटनेटका, निरुपयोगी नकाशा. म्हणून जसजसं चित्र वाढतं तसतसे, दर काही मिनिटांनी, एकाच उंच जागेवरून फोटो घ्या. पहिली रेघ कशाची पडली? रस्ता, देऊळ की पाटलांचा वाडा? रांगोळी कुणाच्या हातात होती आणि कुणी नुसतं लांबून सांगितलं? वस्तीवरची माणसं आली तेव्हा नकाशा किती भरला होता? पुरा झालेला नकाशा यातलं काहीच सांगत नाही, क्रमानं घेतलेले फोटो सांगतात.

चित्रांतून समाज समजून घेणं आपल्याकडे तसं नवं नाही. मुंबई विद्यापीठात १९१९मध्ये समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला, त्याचे पहिले प्रमुख पॅट्रिक गेडिस. त्यांची ‘शहरांचं प्रदर्शन’ ही नकाशे, आराखडे, चित्रं यांची फिरती मांडणी होती, आणि एडिंबराच्या त्यांच्या मनोऱ्यावर कॅमेरा ऑब्स्क्युरा होता, शहर एका पांढऱ्या टेबलावर हलताना दाखवणारा. महाराष्ट्रातल्या समाजशास्त्राची सुरुवात चित्रं दाखवणाऱ्या माणसापासून झाली आणि आपले प्रबंध मात्र तक्त्यांनी भरले, ही गंमतच म्हणायची.

जुनी चित्रं वाचताना

संग्रहालयातला किंवा आजोबांच्या पेटीतला फोटो पुरावा म्हणून वापरण्याआधी तो बनला कसा ते शोधा. विल्यम जॉन्सन यांनी १८६३ आणि १८६६मध्ये मुंबईतल्या जातीजमातींच्या फोटोंचे दोन खंड काढले. त्यातल्या अनेक फोटोंत माणसं एकीकडे टिपलेली आणि मागचा देखावा दुसरीकडचा, दोन्ही एकत्र छापलेले आहेत. तेव्हा त्या फोटोवरून कुणी कुठं बसत होतं, असा निष्कर्ष काढायला गेलात तर फसाल. पण त्या माणसाला त्याच देखाव्यापुढे का बसवावंसं वाटलं, हा प्रश्न विचारलात तर तोच फोटो एकोणिसाव्या शतकातल्या गोऱ्या साहेबाच्या डोक्यातली मुंबई उघडी करतो. घरातल्या अल्बमचंही तसंच. स्टुडिओतला टेलिफोन, पडद्यावरचा ताजमहाल, उसना कोट, या गोष्टी खोट्या म्हणून टाकू नका. त्या काळी माणसाला कसं दिसायचं होतं ते त्यातच आहे.

वही आणि संमती

हे सगळं टिकतं ते वहीवर. ग्रेगरी बेटसन आणि मार्गारेट मीड हे मानववंशशास्त्रज्ञ १९३६मध्ये बालीला गेले तेव्हा दोन वर्षांसाठी फिल्मचे ७५ रोल नेले होते. एका दुपारी पाऊण तासात तीन रोल संपले आणि बेत बदलला. शेवटी सुमारे २५,००० फोटो झाले. १९४२मध्ये आलेल्या त्यांच्या पुस्तकात त्यातले ७५९ घेतले. एवढ्या ढिगातून वाट सापडली ती मीड यांच्या नोंदींमुळे. बेटसन फोटो घेत असताना त्या वेळ टाकून लिहीत होत्या, त्यामुळे कुठल्या फोटोच्या आधी-नंतर काय झालं ते जुळवता आलं. एकट्यानं जाणाऱ्याला हे जमत नाही, म्हणून शक्य असेल तर जोडीनं जा. नाहीतर त्याच संध्याकाळी, मुक्कामावर, दर फोटोमागे हे लिहा: कधी, कुठं, कुणी काढला, का काढला, कोण आहे, आणि चौकटीच्या बाहेर काय राहिलं. शेवटचा रकाना सगळे टाळतात, विश्लेषणाला बसल्यावर तोच लागतो. फायलीचं नाव गाव, तारीख, क्रमांक असं द्या. लोकांकडून फोटो मागवताना व्हॉट्सॲपवर नेहमीसारखे न मागवता ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा, नाहीतर दर्जा घसरतो आणि फोटोसोबतची वेळेची माहिती जाते.

ती माहिती जशी उपयोगाची तशी धोक्याचीही. मोबाईलच्या फोटोत जागेचे अक्षांश-रेखांश लपलेले असू शकतात. चेहरा धूसर केला आणि फाईल तशीच कुणाला दिली, तर घराचा पत्ता दिल्यासारखंच आहे. गावात तर चेहऱ्याचीही गरज नसते. साडी, गाडीचा नंबर, दारातला कुत्रा एवढ्यावर माणूस ओळखला जातो. लैंगिक अत्याचाराची पीडित व्यक्ती किंवा बळी पडलेलं मूल यांची ओळख उघड करणं हा तर गुन्हाच आहे, तिथं चित्राचा विचारच सोडा.

संमती एकदाच, एका सहीत घेऊ नका. काढू का, प्रबंधात छापू का, परिषदेत पडद्यावर दाखवू का, इंटरनेटवर जाऊ दे का, हे वेगवेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरं वेगवेगळी येतात. मुलांच्या बाबतीत आईवडिलांची संमती लागतेच, पण मूलही नको म्हणालं तर नको. ही कटकट का, असं वाटेल तेव्हा छायाचित्रकार डोरोथिया लँग यांचा १९३६चा ‘मायग्रंट मदर’ हा फोटो आठवा. कॅलिफोर्नियात, निपोमोजवळ काढलेल्या त्या फोटोतल्या बाईचं नावही लँग यांनी विचारलं नव्हतं. फोटो जगभर गेला. १९७८मध्ये ती बाई, फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन, पुढे आली तेव्हा तिची तक्रार होती की यातून आपल्याला काहीच मिळालं नाही. लँग यांनी टिपून ठेवलेली काही माहिती चुकीची आहे, असंही तिच्या घरच्यांनी सांगितलं. जगातला सर्वांत गाजलेला दस्तऐवजी फोटो, आणि त्याची नोंद अशी कच्ची.

म्हणून छापील प्रती परत नेऊन द्या, प्रबंध पुरा होण्याची वाट न बघता. देताना फोटोखालची ओळ वाचून दाखवा आणि ती बदलायला सांगितली तर बदला. मूळ फायली कुणाकडे राहतील, मार्गदर्शकांना दिसतील का, किती वर्षांनी पुसल्या जातील, हे संमतीपत्रात मराठीत, सोप्या वाक्यांत लिहा, आणि खाली तुमचा चालू असलेला फोन नंबर द्या, कारण ‘तो फोटो काढून टाका’ असं सांगणारा फोन दोन वर्षांनीही येऊ शकतो.